चौघांनी मिळून कथासंग्रह छापला, पण ‘अंगारेवाली’ हे नाव चिकटलं ते डॉक्टर रशीद जहाँ यांनाच

साल होतं १९३२. डिसेंबर महिना. लखनौच्या निझामी प्रेसमधून उर्दूतलं एक पुस्तक बाहेर पडलं. नाव ‘अंगारे’. आत नऊ कथा आणि एक छोटं नाटक. पुस्तकामागे कुठलीही मोठी प्रकाशनसंस्था नव्हती. चार मित्रांनी आपापलं लिखाण एकत्र केलं आणि त्यांच्यातल्याच सज्जाद झहीर यांनी ते छापून घेतलं.

जेमतेम तीन महिन्यांत या पुस्तकावर बंदी आली. लिहिणारे चार जण होते, पण सगळ्यात जास्त राग निघाला तो त्यांच्यातल्या एकुलत्या एक बाईवर. त्या बाई म्हणजे डॉक्टर रशीद जहाँ.

रशीद जहाँ यांचा जन्म १९०५ चा, अलीगढचा. वडील शेख अब्दुल्ला आणि आई वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली अलीगढमध्ये मुलींसाठी शाळा काढली. चांगल्या घरातल्या मुसलमान मुलींनी शाळेत जाणं तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. अशा घरात वाढलेल्या रशीद जहाँ लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात शिकल्या. तिथून १९२४ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १९२९ ला डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

पुढे संयुक्त प्रांताच्या सरकारी वैद्यकीय सेवेत त्यांना नोकरी मिळाली. स्त्रीरोग हा त्यांचा विषय. त्यामुळे जे लेखकांना कधी दिसत नव्हतं ते त्यांना रोज दिसायचं. एकामागून एक बाळंतपणांनी खंगलेल्या बायका, पडद्यामुळे वेळेवर न झालेले उपचार, नवरा दुसरी बायको आणेल या धास्तीने अंगावर काढलेली दुखणी. हे सगळं पुढे त्यांच्या लिखाणात आलं.

नोकरीच्या निमित्ताने त्या लखनौला आल्या आणि तिथे त्यांची तिघांशी गाठ पडली. सज्जाद झहीर हे नामवंत न्यायाधीश सर वझीर हसन यांचे चिरंजीव, ऑक्सफर्डला शिकणारे. महमूदुज्जफर हेसुद्धा ऑक्सफर्डहून शिकून आलेले. तिसरे अहमद अली, इंग्रजीचे प्राध्यापक. चौघंही तरुण, चौघंही खात्यापित्या घरातले आणि आजूबाजूच्या ढोंगावर चिडलेले. या चिडीतूनच ‘अंगारे’ तयार झालं.

पुस्तकात झहीर यांच्या पाच कथा होत्या, अहमद अलींच्या दोन आणि महमूदुज्जफर यांची एक. रशीद जहाँ यांचा वाटा पानांच्या हिशोबाने लहानच होता. ‘दिल्ली की सैर’ ही जेमतेम तीनेक पानांची कथा आणि ‘पर्दे के पीछे’ हे नाटक.

कथेत फरिदाबादची एक बाई नवऱ्याबरोबर दिल्ली बघायला निघते. नवरा तिला फलाटावर सामानाशेजारी बसवतो आणि मित्र भेटला म्हणून निघून जातो. ती बुरख्यात उपाशी बसून राहते, येणारे जाणारे टक लावून बघतात. दोनेक तासांनी साहेब जेवूनखाऊन परत येतात. ती म्हणते, नको तुमची दिल्ली, मला घरी सोडा. एवढीच गोष्ट. नाटकात दोन बायका घरात बसून बोलतात. सततची बाळंतपणं, बिघडलेली तब्येत आणि नवऱ्याची मर्जी, हे त्यांच्या बोलण्याचे विषय.

आज हे वाचून कुणाला फारसा धक्का बसणार नाही. पण त्या काळात लिहिणाऱ्या कितीतरी मुसलमान बायका आपलं नावही छापू देत नसत. अमक्याची मुलगी, तमक्याची बहीण एवढीच ओळख असायची. इथे एका बाईने थेट स्वतःच्या नावाने शरीराबद्दल आणि नवऱ्याबद्दल लिहिलं होतं.

त्यातच झहीर यांच्या काही कथांनी धर्माच्या नावावर चाललेल्या दांभिकपणाची उघड टिंगल केली होती. मग व्हायचं तेच झालं. सभा भरल्या, निषेधाचे ठराव झाले, फतवे निघाले. १५ मार्च १९३३ रोजी संयुक्त प्रांताच्या सरकारने धार्मिक भावना दुखावण्याच्या २९५ अ या कलमाचा आधार घेत पुस्तक जप्त केलं. पोलिसांनी प्रती नष्ट केल्या, सरकारी दप्तरासाठी मोजक्याच राखून ठेवल्या.

रशीद जहाँ यांना नाक कापण्याच्या, चेहरा विद्रूप करण्याच्या धमक्या आल्या. लोक त्यांना ‘अंगारेवाली’ म्हणू लागले.

माफी मागून मोकळं होणं सोपं होतं. चौघांनी ते केलं नाही. एप्रिल १९३३ मध्ये महमूदुज्जफर यांनी अलाहाबादच्या ‘लीडर’ या इंग्रजी वर्तमानपत्रात निवेदन दिलं. त्यात माफी तर नव्हतीच, उलट पुरोगामी लेखकांची संघटना काढण्याची कल्पना होती. तीन वर्षांनी, एप्रिल १९३६ मध्ये, लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाचं पहिलं अधिवेशन भरलं. त्याच्या उभारणीत रशीद जहाँ होत्या.

१९३४ मध्ये त्यांनी महमूदुज्जफर यांच्याशी लग्न केलं आणि दोघं अमृतसरला गेले. तिथल्या कॉलेजात फैज अहमद फैज हे तरुण प्राध्यापक होते. प्रेमाच्या कविता लिहिणाऱ्या फैज यांना या दांपत्याच्या सहवासात पुरोगामी विचारांची वाट सापडली. १९३७ मध्ये रशीद जहाँ यांचा ‘औरत’ हा स्वतंत्र संग्रह आला.

त्यानंतर लिखाण मागे पडत गेलं. दवाखाना आणि कम्युनिस्ट पक्षाचं काम यातच दिवस संपायचा. १९४९ मध्ये रेल्वे संपाच्या वेळी त्या तुरुंगात गेल्या आणि तिथेही उपोषणाला बसल्या. पुढे कॅन्सर झाला. उपचारांसाठी मॉस्कोला नेलं, पण २९ जुलै १९५२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांची कबरही मॉस्कोतच आहे.

त्यांच्या नावावर पुस्तकं फार नाहीत. पण अलीगढच्या त्याच मुलींच्या शाळेत शिकलेल्या एका विद्यार्थिनीवर त्यांचा खोल ठसा उमटला. ती म्हणजे पुढे मुंबईत स्थायिक झालेल्या इस्मत चुगताई. आपल्या बिनधास्त लिखाणामागे रशीद जहाँ आहेत, हे इस्मत यांनी कधी लपवलं नाही.

आणि ‘अंगारे’? १९९५ मध्ये दिल्लीतून ते पुन्हा उर्दूत छापलं गेलं, २०१४ मध्ये इंग्रजीतही आलं. जे पुस्तक कायमचं संपवायला सरकार निघालं होतं, ते आज दुकानात विकत मिळतं.