मॅक्लीन सरांचं पहिलं पुस्तक

कॉलेजातले सर रिटायर झाले की पुढे काय करतात, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. निरोप समारंभ, भाषणं, ग्रुप फोटो, विषय संपला. शिकागो विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे नॉर्मन मॅक्लीन १९७३ मध्ये रिटायर झाले, तेव्हा सत्तरीत होते. कथालेखक म्हणून त्यांचं खरं काम सुरू झालं ते त्याच सुमारास.

मॅक्लीन यांचा जन्म १९०२ चा. बालपण गेलं मोंटाना राज्यातल्या मिझूला गावात. वडील पाद्री. त्यांनी नॉर्मनला सुरुवातीची काही वर्षं घरीच शिकवलं. पद्धत एकदम कडक! निबंध लिहून आणला की तो निम्मा करायला लावायचे. निम्मा झाला की आणखी निम्मा. शेवटी कागद टोपलीत. अभ्यास संपला की मात्र रान मोकळं. जंगल, नदी आणि ट्राउट मासे पकडायचा गळ. या सगळ्यात सोबत असायचा धाकटा भाऊ पॉल.

गळ टाकण्यात पॉलचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे तो पत्रकार झाला. दिसायला देखणा, बोलायला गोड; पण दारू आणि जुगार सुटेना. १९३८ मध्ये शिकागोत त्याला कुणीतरी मारहाण करून ठार केलं. मारेकरी सापडलेच नाहीत.

मॅक्लीन शिकवत राहिले. १९२८ पासून चाळीसहून जास्त वर्षं शेक्सपिअर आणि इंग्रजी कविता. उत्कृष्ट अध्यापनाचा विद्यापीठाचा पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला. स्वतःच्या नावावर मात्र मोजकेच लेख. पॉलबद्दल तर अक्षरही नाही. १९६८ मध्ये पत्नी जेसी गेली. मुलगा आणि मुलगी तोवर मोठी झाली होती. लहानपणी आम्हाला सांगायचात त्या गोष्टी आता लिहून काढा, असा त्यांनी धोशा लावला.

सरांनी लिहिलं. दोन भाऊ, पाद्री वडील, नदी आणि मासेमारी. वरवर साधी गोष्ट, आत मात्र जुनी सल. ज्याच्यावर आपला सगळ्यात जास्त जीव, त्याला नेमकी कोणती मदत हवी होती हेच आपल्याला कळलं नाही, ही.

न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. एकाची तक्रार होती की यात झाडंच फार आहेत! शेवटी शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने ते स्वीकारलं. तोवर या विभागाने नवं कथासाहित्य कधी छापलंच नव्हतं. १९७६ मध्ये ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ आलं आणि वाचकांनी ते डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी पुलित्झरच्या परीक्षकांनी त्याची शिफारस केली, पण मंडळाने त्या वर्षी कादंबरी-कथेचा पुरस्कार कुणालाच दिला नाही. नंतर नकार देणाऱ्यांपैकीच एका बड्या प्रकाशकाने पुढचं पुस्तक मागितलं, तेव्हा सरांनी त्याला पत्रातून असं काही झाडलं की ते पत्रही गाजलं.

पुढचं पुस्तक होतं एका वणव्याचं. ५ ऑगस्ट १९४९ ला मोंटानातल्या मान गल्च या दरीत आग विझवायला गेलेले १३ तरुण जळून गेले. बहुतेक विशीच्या आसपासचे. काही तर कॉलेजात शिकणारे, सुट्टीत काम करायला आलेले. स्वतः मॅक्लीन यांनीही पोरवयात वनखात्यात काम केलं होतं. पंचाहत्तरीतला हा माणूस तो खडा चढ चढला, वाचलेल्या दोघांना तिथे घेऊन गेला, नकाशे आणि वणव्याचं गणित शिकला. ती पोरं शेवटच्या काही मिनिटांत कुठे, कशी धावली हे त्यांना नीट मांडायचं होतं.

ते पुस्तक त्यांच्या हातून पुरं झालं नाही. १९९० मध्ये, ८७ व्या वर्षी ते गेले. ‘यंग मेन अँड फायर’ १९९२ मध्ये प्रकाशित झालं आणि त्याला अमेरिकेतल्या समीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी रॉबर्ट रेडफर्डने पहिल्या पुस्तकावर सिनेमा काढला. त्यातला पॉल म्हणजे तरुण ब्रॅड पिट. सिनेमा तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. आता पुस्तकही वाचा. जेमतेम शंभर पानांची गोष्ट आहे, आणि त्यातला एकही शब्द आणखी निम्मा करता येत नाही.