सोया दुधाच्या दुकानात ठरलेली चिप

७ फेब्रुवारी १९७४ची सकाळ. तैपेईतल्या सोया दुधाच्या एका साध्या दुकानात सात जण नाश्त्याला जमले. त्यात तैवानचे अर्थव्यवहार मंत्री, म्हणजे आपल्या भाषेत उद्योगमंत्री, सुन युन-सुआन होते. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे पान वेन-युआन यांनी सल्ला दिला की, इंटिग्रेटेड सर्किट बनवायला शिका. किती वर्षं? चार. खर्च? एक कोटी डॉलर. कापड, छत्र्या, खेळणी विकणाऱ्या देशासाठी ही रक्कम छोटी नव्हती. तरी सुन हो म्हणाले.

हा माणूस मुळात विजेचा. जन्म १९१३चा, चीनच्या शानतुंग प्रांतातला. हार्बिनच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनीअरिंग केलं, तेही रशियन भाषेतून! (आपण इंग्लिशमधून शिकतानाच रडतो.) महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेत टेनेसी खोऱ्यातल्या वीज प्रकल्पावर शिकून आले आणि १९४५च्या अखेरीस तैवानला पोहोचले. बॉम्बहल्ल्यांनी तिथली वीज यंत्रणा खिळखिळी झाली होती. ती चालवणारे जपानी इंजिनीअर मायदेशी निघाले होते आणि तीन महिन्यांत बेट अंधारात जाईल, असं त्यांचं भाकीत होतं. सुन यांनी काय केलं? तैपेई आणि तैनानच्या तांत्रिक कॉलेजांतली पोरं कामाला घेतली. एका बंद मशीनचे पार्ट काढून दुसऱ्याला लावले, म्हणजे चक्क जुगाड. पाच महिन्यांत जवळपास ८० टक्के वीजपुरवठा परत सुरू झाला.

पुढे वीज कंपनीत वर चढत गेले. १९६४मध्ये जागतिक बँकेमार्फत नायजेरियाच्या वीज महामंडळाचे प्रमुख झाले. तिथला भरपूर पगार सोडून १९६७मध्ये परतले ते दळणवळण मंत्री म्हणून. १९६९पासून अर्थव्यवहार खातं.

खरी मारामारी झाली १९७३मध्ये. सरकारी पैशाने, पण सरकारी पगाराच्या चौकटीबाहेर चालणारी एक संशोधन संस्था त्यांना काढायची होती, कारण बाबूंच्या पगारात परदेशातले हुशार इंजिनीअर परत येणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. लोकप्रतिनिधींनी विरोध केला. सुन एकेकाला भेटून पटवत राहिले आणि ‘इंडस्ट्रियल टेक्नॉलॉजी रिसर्च इन्स्टिट्यूट’ उभी राहिली. चिपचं काम हिच्याकडेच आलं. १९७६मध्ये तिचे तरुण इंजिनीअर आरसीएकडे शिकायला गेले. परतल्यावर त्यांनी घड्याळाच्या चिप बनवल्या आणि चांगल्या निघणाऱ्या चिपच्या प्रमाणात गुरूलाच मागे टाकलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तेव्हा तैवानमध्ये मार्शल लॉ होता. अशा राजवटीत मंत्र्याला जनतेच्या पैशावर एवढा मोठा डाव लावणं सोपं जातं. डाव फसला असता, तर जाब विचारणारं फारसं कुणी नव्हतं. सुन यांचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

१९७८मध्ये ते पंतप्रधान झाले. राष्ट्राध्यक्ष च्यांग चिंग-कुओ यांच्यानंतर तेच, अशी चर्चा होती. पण फेब्रुवारी १९८४मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला आणि सत्तर वर्षांच्या सुन यांचं राजकारण तिथेच संपलं. तब्येतीकडे आपण लक्ष दिलं नाही, हे नंतर ते स्वतःच लोकांना सांगत, ब्लड प्रेशर सांभाळा म्हणत. पुढची बावीस वर्षं व्हीलचेअरवर गेली.

१९८७मध्ये त्याच संस्थेतून टीएसएमसी निघाली. आज आयफोनची मुख्य चिप तीच बनवते. सुन २००६मध्ये गेले. तैपेईतलं त्यांचं सरकारी निवासस्थान आता म्युझियम आहे.