गोल्फचा निनावी वार्ताहर

गोल्फ हा आपल्याकडे साहेबी शौक मानला गेला. त्याच्या वार्तांकनाला कोणी साहित्याचा दर्जा द्यावा, ही कल्पना अनेकांना चमत्कारिक वाटेल. इंग्रजीत मात्र हे घडले, आणि ते घडवून आणणारा मनुष्य चार्ल्स डार्विन यांचा नातू होता.

बर्नार्ड डार्विन यांचा जन्म ७ सप्टेंबर १८७६ चा, केंटमधील डाउन या खेड्यातला. जन्मानंतर काही दिवसांतच आई निवर्तली. वडील फ्रान्सिस हे वनस्पतिशास्त्रज्ञ. ते तान्ह्या मुलाला घेऊन आपल्या वडिलांच्या घरी राहिले आणि हे आईवेगळे पोर आजी-आजोबांच्या छायेत वाढले. आजोबा वारले तेव्हा ते पाच वर्षांचे होते. पुढे ईटन, केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि मग वकिली, अशी घराण्याला शोभणारी वाट आखलेलीच होती.

ती त्यांनी सोडली. १९०६ साली विवाह झालेला, तिशी ओलांडलेला हा गृहस्थ १९०७ मध्ये ‘टाइम्स’साठी गोल्फवर लिहू लागला आणि लवकरच वकिलीचा झगा कायमचा उतरला. खेळावर लिहून पोट भरणे हे त्या काळी प्रतिष्ठेचे काम नव्हते. शिवाय ‘टाइम्स’चा शिरस्ता असा, की वार्ताहराचे नाव छापायचे नाही. डार्विन यांनी त्या पत्रात १९५३ पर्यंत लिहिले, ते केवळ ‘गोल्फ वार्ताहर’ म्हणून.

त्यांच्या पूर्वी गोल्फची बातमी म्हणजे बहुधा आकड्यांची जंत्री असे. डार्विन मैदान पायी तुडवीत, खेळाडूचा चेहरा, समुद्रावरून येणारा वारा, वाळूच्या टेकड्या हे सारे टिपीत. ब्रिटनमधील मैदानांवरील त्यांचा ग्रंथ १९१० साली हॅरी राउंट्री यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाला. तो एका अर्थाने प्रवासवर्णनच आहे. त्यातले त्यांचे लाडके स्थळ म्हणजे वेल्सच्या किनाऱ्यावरील अ‍ॅबरडोव्ही. आईचे माहेर त्याच परिसरातले. तिथल्या कुरणात मामाने फुलांच्या कुंड्या पुरून खेळाची पहिली भोके तयार केली होती. तिकडे नेणाऱ्या आगगाडीच्या प्रवासावरही ते खेळाइतक्याच मायेने लिहीत. आईचा सहवास न लाभलेल्या माणसाची ही ओढ निव्वळ खेळाची असेल, असे वाटत नाही.

‘टाइम्स’ने १९१३ मध्ये त्यांना अमेरिकेला पाठविले. बोस्टनजवळील ब्रुकलाइन येथे फ्रान्सिस विमेट हा वीस वर्षांचा हौशी तरुण, पूर्वी याच मैदानावर इतरांच्या पिशव्या वाहणारा, हॅरी व्हार्डन आणि टेड रे या नामवंत ब्रिटिश व्यावसायिकांशी बरोबरीत आला. निर्णायक फेरीत विमेटच्या फटक्यांची नोंद ठेवण्याचे काम डार्विन यांच्याकडे आले. विमेटला ७२ फटके लागले, व्हार्डनला ७७ आणि रेला ७८. स्वदेशाच्या पराभवाच्या कागदावर सही करून त्यांनी त्या पोराच्या पराक्रमाचे मुक्त कौतुक केले. पुढे १९२२ मध्ये वॉकर चषकाचे वृत्त देण्यासाठी ते पुन्हा अमेरिकेत गेले असता ब्रिटिश कर्णधार आजारी पडला. तेव्हा पंचेचाळिशीतल्या या वार्ताहराने लेखणी ठेवून काठी घेतली, संघाचे नेतृत्व केले आणि अमेरिकेच्या कर्णधाराला एकेरी सामन्यात हरविले. चषक मात्र अमेरिकेकडेच राहिला.

लेखणीतला हा सौम्य विनोदी गृहस्थ मैदानावर अत्यंत तापट होता. स्वतःचा फटका चुकला की त्यांचा संयम सुटे. हौशी खेळाडूंच्या ब्रिटिश स्पर्धेत दोनदा उपांत्य फेरी गाठूनही विजेतेपद हाती लागले नाही. तो सल त्या संतापाच्या मुळाशी असावा. डिकन्सचा त्यांचा व्यासंग इतका दांडगा होता, की ऑक्सफर्डच्या १९४१ च्या अवतरणकोशाची प्रस्तावना त्यांनी लिहिली.

१८ ऑक्टोबर १९६१ रोजी ते वारले. ‘टाइम्स’ने वार्ताहरांची नावे छापण्यास सुरुवात केली, ती १९६७ मध्ये.