नारायणाचे जळगावातले उस्ताद

तरावीहची नमाज आटोपून घरी परतताना कधी कधी मी बालगंधर्व खुल्या नाट्यगृहावरून जातो. रमजानच्या रात्री शहर उशिरापर्यंत जागं असतं. रंगमंच मात्र रिकामा असतो. या नाट्यगृहाला हे नाव का, असं वर्गात विचारलं की मुलं पुण्याचं रंगमंदिर सांगतात. उत्तर खरं तर जळगावातच आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी ते जळगावात नातेवाइकांकडे राहिले आणि इथेच मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकू लागले. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत ती गवयाची, नटाची आणि पैलवानाचीही असते. या मुलाच्या गळ्याला पहिली तालीम मिळाली ती आपल्या गावात. लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकून 'बालगंधर्व' म्हटलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यामागचे उस्ताद फारसे कुणाला आठवत नाहीत.

१९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. १९११ मध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. भास्करबुवा बखले यांची तालीम, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू, हे सारं अनेकदा लिहून झालंय. मला ओढ वाटते ती त्यांच्या साथीदारांची. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. मराठी नाट्यपदं घरोघरी गेली ती या दोघांच्या साथीने.

भरजरी शालू, अत्तरं यांच्या हौसेपायी आणि हिशेबातल्या ढिलाईने मंडळी कर्जात बुडाली. चाहत्यांनी वर्गणी काढून कर्ज फेडायची तयारी दाखवली, ती त्यांनी नाकारली आणि प्रयोग करूनच देणं फेडलं. रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना मला हा माणूस आठवतो. पैशाच्या बाबतीत तो भोळा होता, पण दुसऱ्याचं देणं त्याने बुडवलं नाही.

उतारवयात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. त्यांच्याशी केलेल्या लग्नामुळे जवळची माणसंही दुरावली. लोकांनी सगळा दोष बाईंच्या माथी मारला, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. अपंगावस्थेतल्या नारायणरावांना सांभाळलं ते त्यांनीच. १९६४ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी नारायणरावांना पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ रोजी तेही गेले.

पुण्याच्या रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते झालं होतं. ते खुलं झालं तेव्हा ते हयात नव्हते. काही वर्षांपूर्वी ती वास्तू पाडून नवं संकुल बांधायचा बेत निघाला, तेव्हा कलावंतांनी आवाज उठवला. पुण्यात निदान आवाज उठवायला एक वास्तू आहे. जळगावात त्या मुलाच्या शिकण्याची खूण मला कुठल्या पाटीवर दिसलेली नाही.

खान्देशाला जपता येत नाही असं नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद सांभाळतंय. चाळीसगावात केकी मूस यांचं घर त्यांच्या चित्रांसह, छायाचित्रांसह पाहता येतं. जुन्या जळगावात म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्या घरांत जुने कागद, फोटो असतील. ईदच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्याकडे जायचं मी ठरवलंय. सापडेल ते सापडेल. तोवर खुल्या नाट्यगृहाच्या दारात दोन फुटांची पाटी लावायला काय हरकत आहे? मराठीत आणि उर्दूत, शागिर्दाच्या नावाशेजारी उस्तादाचं नाव.