विश्लेषण : ओल्या ट्रॅकवर शर्यतीची गाडी कशी धावते? ‘पावसाचा उस्ताद’ रुडॉल्फ काराचिओला यांची कहाणी

जूनमधली पहिली सर पडली, की बारामती-इंदापूर रस्त्यावर अंथुर्णे परिसरात अनुभवी दुचाकीस्वार आपसूक वेग कमी करतात. तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम असणारे हे गाव. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेली धूळ, सांडलेले तेल आणि टायरची झीज यांचा थर पहिल्या पावसात ओला होतो आणि डांबर असो की काँक्रीट, रस्ता साबण लावल्यासारखा होतो. हीच अडचण शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात आली तर? शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन चालकाने या प्रश्नावर अख्खी कारकीर्द उभी केली. रुडॉल्फ काराचिओला हे त्यांचे नाव. जर्मनीत त्यांना ‘रेगेनमाइस्टर’, म्हणजे पावसाचा उस्ताद म्हणत. त्यांच्या आयुष्यातून ओल्या रस्त्याचे गणित समजून घेऊ.

काराचिओला कोण होते?

ऱ्हाइन नदीकाठच्या रेमागेन या गावी ३० जानेवारी १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. आडनाव इटालियन असले तरी कुटुंब जर्मनीत स्थिरावलेले होते आणि वडिलांचे हॉटेल होते. रुडॉल्फ यांचे मन मात्र हॉटेलात रमले नाही. आखेन शहरातील फाफनिर या मोटार कारखान्यात ते उमेदवारी करू लागले. १९२२ मध्ये बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर ते पहिल्यांदा शर्यतीत उतरले. पुढे ड्रेस्डेनला डाइम्लर कंपनीच्या मोटारी विकण्याची नोकरी मिळाली. दिवसा गिऱ्हाईक सांभाळायचे आणि सुट्टीच्या दिवशी शर्यत गाठायची, असा त्यांचा क्रम होता.

१९२६ च्या शर्यतीत काय घडले?

११ जुलै १९२६ रोजी आवुसवर पहिली जर्मन ग्रां प्री होणार होती. कंपनीने अधिकृत संघ उतरवला नव्हता. पंचवीस वर्षांच्या या विक्रेत्याने गाडी मागितली आणि कंपनीने ती स्वतंत्र स्पर्धक म्हणून चालवण्याच्या अटीवर दिली. दोन लाखांहून अधिक प्रेक्षक जमले होते. झेंडा पडला, बाकीच्या गाड्या सुटल्या आणि काराचिओला यांचे इंजिन बंद पडले. सोबतचे मेकॅनिक ऑयगेन झाल्त्सर यांनी उडी मारून गाडी ढकलली. ती सुरू होईपर्यंत मिनिटाहून अधिक वेळ गेला होता.

त्यानंतर पाऊस कोसळू लागला. आवुस म्हणजे दोन लांबलचक सरळ रस्ते आणि टोकांना वळणे. मर्सिडीजचेच दुसरे चालक आडोल्फ रोझेनबर्गर यांची गाडी घसरून वेळ नोंदवणाऱ्यांच्या खोलीवर आदळली आणि तिथल्या तिघांचा जीव गेला. एकामागून एक गाड्या बाहेर पडत गेल्या. काराचिओला वेग आटोक्यात ठेवून चालत राहिले. पावसात पुढचे-मागचे काही कळत नव्हते, त्यामुळे आपण जिंकलो हे त्यांना शर्यत संपल्यावरच समजले. बक्षिसाच्या पैशातून त्यांनी बर्लिनच्या मुख्य रस्त्यावर मर्सिडीजची शोरूम थाटली आणि शार्लोटे यांच्याशी लग्न केले.

ओल्या ट्रॅकवर नेमके बदलते काय?

टायर आणि रस्ता यांच्यातली पकड म्हणजे खिशातली ठरावीक रक्कम समजा. वेग वाढवणे, ब्रेक मारणे आणि वळणे हे तिन्ही खर्च तिच्यातूनच होतात. कोरड्या ट्रॅकवर रक्कम मोठी असते, त्यामुळे वळता वळता थोडा ब्रेक मारला तरी निभावते. पावसात हीच रक्कम निम्म्यावर येऊ शकते. मग दोन खर्च एकदम केले की गाडी घसरते. म्हणून ब्रेक सरळ रेषेत मारायचा, तो सोडत सोडत वळायचे आणि गाडी सरळ झाल्यावरच एक्सलेटर दाबायचा, हा क्रम पाळावा लागतो.

पकड निम्मी झाली तर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होते. वेगही दुप्पट असेल तर ते अंतर आणखी चौपट होते. यात घाबरून ब्रेक दाबण्याची भर पडली, तर चाक फिरायचे थांबते आणि नुसते घसरत जाते. घसरणारे पुढचे चाक गाडीला दिशा देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. टायरवरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. वेग इतका वाढला की पाणी सरायला वेळच मिळत नाही, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. स्टेअरिंग अचानक हलके लागते आणि फिरवले तरी गाडी वळत नाही. टायर जितका रुंद आणि गुळगुळीत, तितका हा धोका मोठा. काराचिओला यांच्या काळचे टायर अरुंद आणि नक्षीदार होते. ते पाणी कापत जात. मात्र त्यांची मूळ पकडच कमी होती.

ट्रॅकसाठी बनवलेली गाडी पावसात अवघड का?

कोरड्या ट्रॅकवर जे गुण ठरतात, तेच पावसात उलटतात. अशा गाडीची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे कोरड्या वळणावर ती झुकत नाही. ओल्या रस्त्यावर मात्र कडक स्प्रिंगमुळे चाकांवरचा भार झटक्यात बदलतो आणि घसरण्याची पूर्वसूचना फारशी मिळत नाही. आजच्या ट्रॅक गाड्यांचे कमी खाचांचे टायर तापल्यावरच नीट पकड घेतात. पावसात ते तापतच नाहीत. गाडी जमिनीलगत असल्याने साचलेल्या पाण्याशी तिचा तळही घासू शकतो.

आजच्या फॉर्म्युला वन गाड्यांना म्हणूनच पावसासाठी खोल खाचांचे वेगळे टायर लावतात. ताशी ३०० किलोमीटरला असा एक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, असे ते बनवणारी पिरेली कंपनी सांगते. काराचिओला यांच्याकडे असे काही नव्हते.

जड मर्सिडीज हलक्या गाड्यांना भारी कशी पडली?

मर्सिडीजची एसएसके ही त्यांची गाजलेली गाडी. सात लिटरचे इंजिन, लांब नाक आणि आखूड केलेला सांगाडा. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा ब्लोअर तिला होता, पण तो कायम चालू नसे. एक्सलेटर तळापर्यंत दाबला की तो जोडला जाई आणि ताकद एकदम उसळी घेई. १९३१ च्या हलक्या आवृत्तीत, एसएसकेएलमध्ये, ब्लोअरशिवाय २४० आणि ब्लोअरसह ३०० अश्वशक्ती मिळत असे. ओल्या वळणावर ही साठ अश्वशक्ती अचानक मागच्या चाकांवर आली तर गाडी गर्रकन फिरणार. त्यामुळे पाय तळाच्या किंचित अलीकडे थांबवणे, हेच चालकाचे खरे कसब होते.

१९२९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या आर्ड्स रस्त्यांवर झालेली टुरिस्ट ट्रॉफी त्यांनी पावसात जिंकली. एप्रिल १९३१ मध्ये इटलीची हजार मैलांची मिले मिलिया जिंकणारे ते पहिले परदेशी चालक ठरले. त्याच वर्षी जुलैत न्यूरबुर्गरिंगवर जर्मन ग्रां प्री झाली. डोंगरातून वळणे घेत जाणाऱ्या या ट्रॅकवर हलक्या, चपळ बुगाट्टी आणि आल्फा रोमिओ गाड्यांचेच पारडे जड होते. पण पाऊस आला.

पावसात सगळ्यांनाच ब्रेक लवकर मारावा लागतो आणि वळणात संथ जावे लागते. हलक्या गाडीचा फायदा नेमका ब्रेक आणि वळण या दोन ठिकाणी असतो. तो आटला की चढावरची आणि सरळ रस्त्यावरची इंजिनची ताकद मोलाची ठरते. काराचिओला यांनी मोठी आघाडी घेतली. नंतर ट्रॅक सुकू लागला, तसा बुगाट्टीवाले लुई शिरॉन अंतर कापत आले. तरीही काराचिओला मिनिटाहून थोड्या अधिक फरकाने जिंकले.

नेहमीची वाट पावसात का सोडावी लागते?

कोरड्या ट्रॅकवर सगळे चालक वळणात एकाच वाटेने जातात. त्या वाटेवर टायरचे रबर बसते आणि पकड वाढते. पावसात मात्र हेच रबर आणि तेल गुळगुळीत होते. म्हणून जाणते चालक पावसात थोडे बाहेरून, खरखरीत भागावरून जातात. अंतर वाढते, पण पकड मिळते.

१९३६ ची मोनॅको ग्रां प्री याचे उदाहरण. पाऊस होताच, त्यात एका आल्फा रोमिओमधून गळलेले तेल बंदराजवळच्या वळणावर पसरले. सुरुवातीच्या फेऱ्यांतच तिथे अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. काराचिओला यांची त्या वर्षीची मर्सिडीज चालवायला अवघड म्हणून बदनाम होती. तरीही ते त्या गर्दीतून निसटले आणि जिंकले. १९३८ मध्ये झाडांच्या सावलीतल्या ब्रेमगार्टन ट्रॅकवर पावसात स्विस ग्रां प्री आणि १९३९ मध्ये न्यूरबुर्गरिंगवर पुन्हा पावसात जर्मन ग्रां प्री त्यांनी जिंकली. तो त्यांचा सहावा जर्मन विजय होता. १९३५, १९३७ आणि १९३८ अशी तीन वर्षे ते युरोपचे विजेते होते.

या यशाची दुसरी बाजू कोणती?

१९३३ नंतर जर्मनीत नाझींची सत्ता होती आणि शर्यतींच्या संघांना सरकार पैसा देत असे. प्रत्येक विजयाचा वापर प्रचारासाठी झाला. काराचिओला स्वित्झर्लंडच्या लुगानो शहराजवळ राहत, पण नाझी पक्षाच्या मोटारचालक संघटनेचे ते सदस्य होते आणि त्या प्रचारात त्यांचा चेहरा होता. ही नोंद त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

घरातही घाव बसला. १९३४ च्या फेब्रुवारीत शार्लोटे स्वित्झर्लंडच्या डोंगरात हिमस्खलनात गेल्या. लॅप मोजणाऱ्या, आकडे ठेवणाऱ्या त्या त्यांच्या शर्यतीतल्या साथीदार होत्या. तेव्हा काराचिओला यांचा मोडलेला पायही अजून पुरता बरा झाला नव्हता.

पावसाने नाही, मग कशाने घात केला?

तो पाय एप्रिल १९३३ मध्ये मोनॅकोच्या सरावात मोडला होता. चारपैकी तीन चाकांचे ब्रेक निकामी झाले आणि आल्फा रोमिओ भिंतीवर आदळली. उजवी मांडी मोडली आणि तो पाय कायमचा आखूड राहिला. पुढचे तिन्ही किताब त्यांनी लंगडत मिळवले.

१९४६ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या सरावात डोक्याला काहीतरी लागले, बहुधा पक्षी. ते गाडीबाहेर फेकले गेले आणि बरेच दिवस बेशुद्ध होते. तिथे सक्तीचे असलेले शिरस्त्राण घातले होते, म्हणून वाचले. १९५२ मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, नव्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ते मिले मिलियात चौथे आले. त्याच महिन्यात बर्नजवळच्या ब्रेमगार्टनला चाक अडकले, गाडी झाडावर गेली आणि आता डावा पाय मोडला. कारकीर्द तिथेच संपली. २८ सप्टेंबर १९५९ रोजी कासेल येथे यकृताच्या आजाराने त्यांचे निधन झाले. वय होते ५८.

ज्याला पाऊस पाडू शकला नाही, त्याला दोनदा ब्रेकने पाडले. मोनॅकोत तीन चाकांनी ब्रेक धरला नाही, बर्नला एका चाकाने गरजेपेक्षा जास्त धरला. चारही चाके सारखी धरत नसतील तर गाडी तिरकी होते. कोरड्या रस्त्यावरही हे चालकाच्या हातात राहत नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्याच मोटारीत विक्रीसाठी आली, काराचिओला यांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना ती बंधनकारक आहे. पण ही यंत्रणा असलेली पकड जपते, नवी पकड निर्माण करत नाही. टायरचा गोटा झाला असेल किंवा वेगच जास्त असेल, तर एबीएसचाही उपयोग मर्यादित राहतो.

म्हणून पाऊस सुरू होण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या : टायरच्या खाचा किती उरल्या आहेत, हवा बरोबर आहे का आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का. ओढत असेल तर दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. रस्त्यावर पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास सर्वाधिक निसरडा असतो. घाई नसेल तर तेवढा वेळ टपरीवर चहा घेत थांबावे. निघालातच तर ब्रेक आधी आणि सरळ रेषेत मारा, वळणात हिसका देऊ नका आणि पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा.