माहेरी आलेली दमयंती

आर्वीकडून जाऊन वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर लागतं. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण तिथे भक्तीने जातो. पण मैत्रिणींनो, महाभारतातलं कुंडिनपूर ते हेच असं मानतात. म्हणजे दमयंतीचंही माहेर हेच! तिची आठवण मात्र क्वचितच निघते.

आपल्याला ठाऊक असते ती हंसाची, स्वयंवराची दमयंती. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाचं महाकाव्यही नव्या संसाराच्या सुखापाशीच थांबतं. खरी दमयंती भेटते ती त्यानंतर, वनपर्वात.

नळ भावाशी द्यूत खेळू लागला, कुणाचं ऐकेना. राज्य हातचं जाणार हे ओळखून तिने दोन्ही लेकरं सारथ्यासोबत माहेरी पाठवून दिली आणि स्वतः नवऱ्यामागे रानात गेली. दोघंही विदर्भात जाऊ, असं ती सांगत होती. पण अशा फाटक्या अवस्थेत सासुरवाडीला जायचं कसं? जावयाचा मान आडवा आला. एका रात्री ती झोपेत असताना दोघांत उरलेलं एकच वस्त्र अर्धं कापून घेऊन तो निघून गेला.

अजगर, व्याध, हत्तींनी तुडवलेला व्यापाऱ्यांचा तांडा... सगळ्यांतून वाचून ती चेदीनगरीत पोचली, तेव्हा मागे गावातली पोरं लागली होती. राजमातेने आसरा देऊ केला. तर हिने आधी अटी सांगितल्या: कुणाचं उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. आमच्या मंडळात नवऱ्याने टाकलेल्या बाया येतात, मिळेल त्या पैशात मिळेल ते काम धरतात. अटही घालता येते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पुढे भुवयांमधल्या खुणेवरून तिची ओळख पटली. राजमाता सख्खी मावशीच निघाली! माहेरी येऊन दमयंती नशिबावर विसंबून बसली नाही. नळालाच उमगेल असा प्रश्न देऊन तिने ब्राह्मणांना देशोदेशी धाडलं. उत्तर आलं ते अयोध्येच्या राजाच्या कुरूप सारथ्याकडून. मग बापाला कळू न देता, आईला विश्वासात घेऊन, दुसऱ्या स्वयंवराची हूल तिने अयोध्येला पोचवली, तीही उद्याच आहे म्हणून. एका दिवसात शंभर योजनं रथ आणील असा नळाशिवाय दुसरा कोण?

रथ आला. तरी ती लगेच भुलली नाही बरं का. दासीला पाठवून पारख केली, त्याच्या हातचं रांधलेलं चाखून पाहिलं, मग मुलांना समोर धाडलं. मुलांना कवटाळून तो रडला, तेव्हा कुठे तिने त्याला आत बोलावलं. आणि पहिलं काय विचारलं? रानात झोपलेल्या, काही अपराध नसलेल्या बायकोला टाकून जाणारा पुरुष तू कुठे पाहिलास का?