पंढरीचा कज्जा मिटवायला आलेले वकील : दादासाहेब मावळंकर



दिंडीच्या शंभर वर्षांच्या या अंकात संतांची, आपल्या विणेकऱ्यांची चरित्रं येतील. मी एका वकिलाचं लिहितो. वकील म्हटलं की आपल्याला बांधाचं भांडण अन् कोर्टाच्या तारखा आठवतात. पण एक वकील भांडण मिटवायला पंढरीत आला होता. त्याचं ऋण आपल्यावर आहे.

त्यांचं नाव गणेश वासुदेव मावळंकर. लोक दादासाहेब म्हणत. घराणं मूळ रत्नागिरीकडचं, जन्म बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८. सन १९१३ पासून अहमदाबादेत वकिली केली, नाव कमावलं. पुढं गांधीजी अन् सरदार पटेलांच्या संगतीनं स्वराज्याच्या कामात पडले. चालती वकिली बाजूला ठेवून तुरुंगात गेले. तिथं गुन्हेगार कैद्यांजवळ बसून त्यांचं सुखदुःख ऐकलं अन् त्यावर गुजरातीत पुस्तक लिहिलं. घरचा कर्ता तुरुंगात गेला की मागं बायकोवर काय ओझं पडतं, ते माऊलींना सांगायला नको. पत्नी सुशीलाबाईंनी ते निभावलं.

आता आपल्या दिंडीचं सांगतो. लिहिताना मान खाली जाते. आपला मुलूख तेव्हा निजामाचा. माझे वडील सांगायचे, गावकुसाबाहेरची मंडळीही वारीला चालायची, पण मागं. पंगत वेगळी. पंढरीत पोचलं की आपले लोक राउळात जायचे अन् ती मंडळी चोखोबाच्या समाधीपाशी थांबायची. पाय सगळ्यांचे सारखेच फुटलेले, दर्शन मात्र निम्म्यांनाच.

हे थांबावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मंदिर सगळ्यांना खुलं करा, एवढंच मागणं. बडवे मंडळी राजी होईनात. गुरुजींचा जीव खालावत चालला. तेव्हा दादासाहेब मध्यस्थीला आले. दोन्हीकडच्यांशी बोलून वाट काढली. मंदिर खुलं करायचं ठरलं अन् उपोषण सुटलं. वकिली सार्थकी लागली, असं मी म्हणतो.

पुढं १९५२ ला दादासाहेब लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच पदावर असताना २७ फेब्रुवारी १९५६ ला गेले. त्यांच्या जागी सुशीलाबाई निवडून आल्या. मुलगा पुरुषोत्तमही पुढं खासदार झाला. घरानं त्यांचा वसा टाकला नाही.

दादासाहेबांनी राउळाचं दार मोकळं करायला हात लावला. आपल्या मनाचं दार उघडायला मात्र कोणी वकील येणार नाही. गावातल्या सप्त्यात आजही कुणी पंगतीच्या कडेला अंग चोरून बसत असेल, तर विणेकऱ्यानं उठावं, हाताला धरून मधी आणून बसवावं. शंभर वर्षं चालल्याचं सार्थक त्यातच हाय.

रामकृष्ण हरी.